माझे निर्जळी उपास

पाणी पिताना ठसका लागला की आपल्याकडं म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय. हे खरं असतं, तर गेल्या गणपतीपासून अख्खा शिरूर तालुका कामधंदा सोडून माझीच आठवण काढत बसला होता म्हणायचा. सकाळी चूळ भरून पहिला घोट घेतला की ठसका. गोळी घेताना ठसका. चहा तर नाकातूनच परत यायचा. आणि माझी आठवण काढण्याजोगी माणसं म्हणाल तर दोनच. एक माझी मुलगी, शिरूरला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते. दुसरा माझा दौंडचा मित्र. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. वडगाव रासाईत, नदीच्या अंगाला, उसाच्या मधोमध आमची वस्ती आहे. तिथं मी आणि एक कुत्रं. मी खोकायला लागलो की ते मान वर करून बघायचं, आणि हा काही मरत नाही अशी खात्री झाली की परत झोपायचं.

मित्राबद्दल आधी सांगितलं पाहिजे. तो मुसलमान, दौंडचाच, बापापासून रेल्वेत. मी मामाकडं राहून दौंडच्या शाळेत शिकलो, तेव्हा आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं तो फिटर म्हणून रेल्वेत चिकटला आणि मी वडगावला शेती बघायला परत आलो. निवृत्त झाल्यावर त्यानं कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि जवळच लहानसं घर बांधलं. मी त्याला भाई म्हणतो. तो मला सगळ्या गावासारखंच आप्पा म्हणतो, आणि चिडला की नुसतं 'अय'. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दौंडच्या बाजारच्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो नाही असं क्वचितच झालं असेल. आधी पाणी, मग चहा, मग भाभीच्या हातचं जेवण, मग दोघांनी मिळून तिसऱ्या कुणाची तरी निंदा. बायको गेल्यावर तर आठवड्याचे सहा दिवस मी त्या सातव्या दिवसाच्या आशेवर ढकलायचो. उठून जावं असं तेवढं एकच घर मला उरलं होतं. ते गेलं तर माझ्यापाशी काही राहणार नाही, हे मला तेव्हाही नीट कळत होतं. कळत असून मी जे केलं त्याला मूर्खपणा हा शब्दही सौम्य आहे.

ठसक्याचं कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं ते सोसायटीच्या बैठकीत. आमच्या विकास सोसायटीचा मी दहा वर्षं चेअरमन होतो. आता पद नाही, पण बैठकीला बोलावतात, पुढची खुर्ची देतात. गणपतीनंतरच्या बैठकीत चहाचा घोट घेतला आणि तो सगळा उलटा आला, नाकातोंडातून, समोर बसलेल्या दोघांच्या पांढऱ्या शर्टावर. मी खोकत होतो, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. कुणीतरी पाठीवर थापट्या मारल्या. मागच्या रांगेतली तरणी पोरं हसली. वाईट हेतूनं नव्हे, पण हसली.

मला राग त्यांचा आला नाही. मला आमच्या भावकीतले एक आबा आठवले. त्यांना म्हातारपणी घास गिळवत नसे. पंगतीत बसले की खोकायचे, भात उडायचा. एका लग्नात ते माझ्या शेजारी बसले, तेव्हा मी ताट उचलून पलीकडच्या रांगेत गेलो होतो. 'उन्हात बसवत न्हाई,' असं काहीतरी सांगून. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा ताटाकडं बघितलं. नंतर ते कुठल्याच पंगतीत दिसले नाहीत. त्या नजरेनं मी आता स्वतःकडं बघत होतो, आणि ते मला सहन होईना.

मग मी लपवायला शिकलो. माझ्या लक्षात आलं की पातळ पदार्थ वैरी आहेत. घट्ट आणि मऊ काही असलं तर निभतं. शिरा, गिचका भात, पिकलेलं केळं. भाकरी घशात अडायची. पाणी मी घरात दार लोटून चमच्यानं घ्यायचो, दर चमच्याला खोकायचो, आणि तहान भागायच्या आधीच दमायचो. त्यामुळं हळूहळू पाणीच कमी केलं. विजार ढिली झाली तेव्हा नाडी आवळली. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची, "आप्पा, जेवलात का?" मी म्हणायचो, "व्हय, झालं की." तिचा आवाज ऐकून फोन ठेवला की घर जास्तच गप्प व्हायचं.

पण बाजारच्या दिवसाचं काय करायचं? भाईच्या घरी पाय ठेवला की पहिलं पाणी. ते नको म्हणता येत नाही. आपल्याकडं माणूस तहानलेला असो नसो, दिलेलं पाणी घेतो. नाही घेतलं तर त्याचा अर्थ होतो. आणि त्या घरात तर त्याचा फार मोठा अर्थ होता. आम्ही शाळेत असताना माझ्या मामानं मला बजावलं होतं, खेळ, हिंड, पण तिथं पाणी पिऊ नको. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन भाईच्या आईच्या हातचं पाणी प्यालो होतो, वरून न ओतता, तांब्याला तोंड लावून. त्या दिवसापासून त्या माउलीनं मला आपल्या पोरांत धरलं.

त्या बाजारी मी ओट्यावर बसलो, भाभी पाणी घेऊन आल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको भाभी. आज निर्जळी हाय."

भाई हसायलाच लागला. "तू आन् उपास? पंढरपूरच्या गाडीत बसून आमलेट खाल्लेला माणूस तू!"

इथं मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. म्हणालो, "ती करायची ह्या वारचा. ती गेल्यावर म्हटलं आपून चालू ठिवावा."

माझ्या बायकोनं जन्मात निर्जळी उपास केला नव्हता. उपासाला ती साबुदाण्याची खिचडी दोनदा घ्यायची. पण तिचं नाव निघताच भाईचं हसू गेलं. भाभींनी डोळ्याला पदर लावला आणि तांब्या आत नेला. स्वतः वर्षाला महिनाभर रोजे धरणारी माणसं ती. दुसऱ्यानं धरलेला उपास मोडायचा आग्रह त्यांच्याकडून होणं शक्यच नव्हतं. मेलेल्या बायकोच्या नावानं मी खोटं बोललो, आणि ते खोटं असं पक्कं बसलं की मलाच उठवता येईना.

पुढच्या आठवड्यात भाभींनी विचारलंच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर कसं खायचं म्हणून भाईही जेवला नाही. दोन म्हातारे उपाशी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे ऐकत राहिलो. पूर्वी दुपार कशी सरायची कळायचं नाही. आता तासाभरात बोलणं संपायचं. जेवताना माणूस जे बोलतो ते नुसतं बसून बोलता येत नाही, हे मला या वयात समजलं. मी लवकर उठायचो. तो "बस की" म्हणायचा. नंतर नंतर तेही म्हणेनासा झाला.

सांगावंसं वाटलं नाही असं नाही. गाडीवरून येताना सगळं वाक्य जुळवून यायचो. पण रस्त्यात आबांचं ताट आठवायचं, आणि वाटायचं, हा मला सोडून उठणार नाही, पण कीव करील. ती त्या घरात मला नको होती.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई सुरू झाली. आमच्या वर्गातल्या एकाच्या मुलीचं लग्न भांडगावला होतं, सोलापूर रस्त्यावरच्या कार्यालयात. मी उशिरा गेलो, अक्षता टाकल्या आणि माणसं पांगल्यावर कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून वाटीभर शिरा खाल्ला. दिवसभराची भूक होती. भाई कुठं दिसला नाही. मला वाटलं आला नसेल.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही. पुढच्या बाजारी मी गेलो तेव्हा दार उघडं होतं, पण ओट्यावर कुणी नव्हतं. मी हाक मारली. भाई बाहेर आला, "या," म्हणाला. या! पन्नास वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा 'या' म्हटलं. मी बसलो. मग तो आत गेला आणि ट्रे घेऊन आला. ट्रेवर पाण्याची सीलबंद बाटली होती, दुकानातली, झाकणाची पट्टी न तोडलेली. शेजारी कागदाचा कोरा पेला.

"घ्या," तो म्हणाला. "बाहेरचं हाय. आमचा हात न्हाई लागलेला."

मला एक क्षण काही कळलं नाही, आणि मग सगळंच कळलं. त्याचा चेहरा रागाचा नव्हता. पाहुण्याची नीट सोय केल्यावर असतो तसा होता, आणि तेच मला बघवेना. स्वयंपाकघराच्या दारात भाभी उभ्या होत्या, जमिनीकडं बघत.

शहाण्या माणसानं तिथं बसून चार वाक्यांत खरं सांगितलं असतं. मी शब्दांचा माणूस नाही, डोक्यात राख घालून घेणारा आहे. मी उठलो, भाभींच्या शेजारून सरळ स्वयंपाकघरात गेलो, माठात तांब्या बुडवला, तोंडाला लावला आणि मान मागं टाकून घटाघटा पिऊ लागलो. मला त्याला दाखवायचं होतं.

चौथा-पाचवा घोट असेल. पुढं खोकलाही येईना. आत गेलेली हवा बाहेर पडेना आणि बाहेरची आत येईना. तांब्या पडल्याचा आवाज ऐकला. भाईनं मागून मला धरलं आणि वाकवलं, भाभी ओरडत होत्या. मग कधीतरी श्वास सुरू झाला, पण छातीत पाणी उकळावं तशी घरघर राहिली. शेजारच्या माणसाची रिक्षा होती, तिच्यातून दवाखान्यात नेलं.

दौंडच्या त्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ताप चढला. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, "बाबा, पाणी पिताना ठसका कधीपासून लागतो?"

माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, म्हणून भाईनं उत्तर दिलं. "त्याला कुठला ठसका? बाहेर कुठं पाणीच पीत न्हाई त्यो."

डॉक्टर माझ्याकडं वळले. मी हात वर केला आणि चार बोटं दाखवली. "चार दिवस?" मी नाही म्हणून मान हलवली. "चार महिने?" मी डोळे मिटले. उघडले तेव्हा भाई माझ्या बोटांकडं बघत होता. मग तो उठला आणि बाहेर गेला. त्या दिवशी तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाभी एकट्याच येऊन बसायच्या. मला वाटलं, संपलं.

मुलगी शिरूरहून आली, आल्या आल्या आधी रडली आणि मग तिनं मला असं झापलं की शेजारच्या खाटेवरचा पेशंट घाबरून सरळ बसला. तिनं सगळं हातात घेतलं आणि मला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथं नाकातून पोटात नळी घातली. बारा दिवस माझं जेवण त्या नळीतून झालं. सिरिंजनं पांढरं काहीतरी सोडायचे आणि पोट भरायचं. तोंडाला काही काम नाही. जेवणाची वेळ झाली की वॉर्डात डबे उघडायचे, मेथीच्या भाजीचा वास यायचा, आणि मी छताकडं बघत पडायचो. भूक नव्हती. तरी इतकं एकटं मला बायकोच्या तेराव्यालासुद्धा वाटलं नव्हतं.

घास गिळता न येण्याची इतकी कारणं असतात हे मला माहीत नव्हतं. घशात गाठ असू शकते. अन्ननलिका अरुंद होते. कंपवात होतो. कुणाचं नुसतं कवळी सैल होऊन बिघडतं. डॉक्टर एकेक कारण बाजूला काढत गेले. नाकातून दुर्बीण घालून घसा बघितला: गाठ नाही. मग डोक्याचा एमआरआय काढला आणि तिथं सापडलं. मेंदूत खाली, मानेकडच्या भागात, लहानसा जुना झटका. "ऑगस्टच्या सुमाराला काही झालं होतं का?" त्यांनी विचारलं. तेव्हा आठवलं. पोळ्याच्या आसपास एका सकाळी किटली हातातून निसटली होती आणि जीभ जड झाली होती. दुपारी बरं वाटलं. आदल्या दिवशी उसावर फवारणी केली होती, मी म्हटलं औषध अंगावर आलं असेल. घरात दुसरं माणूस असतं तर त्यानं विचारलं असतं, 'असं का बोलताय?' कुत्र्याला ते कळलं नाही.

मग एक पोरगी आली, पंचविशीची, म्हणाली, "काका, मी तुमची स्पीच थेरपिस्ट." मी म्हटलं, मला बोलता येतं, तुझं काय काम? ती हसली. म्हणाली, बोलायचं आणि गिळायचं यंत्र एकच आहे. तिनं माझ्या गळ्यावर चार बोटं ठेवली, चमचाभर पाणी दिलं, कंठ वर जातो का ते चाचपलं आणि म्हणाली, "आता 'आ' म्हणा." माझा 'आ' गुळणी करत म्हटल्यासारखा आला. "हे पाणी अजून तिथंच बसलंय," ती म्हणाली. दोन दिवसांनी एक्स-रेच्या खोलीत खुर्चीवर बसवून फोटोत उमटणारं पांढरं बेरियम पाजलं, आधी पातळ, मग घट्ट, मग त्यात बुडवलेलं बिस्कीट, आणि समोर पडद्यावर माझाच घसा हलताना दिसला. पातळ घोट आला आणि श्वासनळीवरचं झाकण पडायच्या आत निम्मा तिच्यात घसरला. घट्ट घोट मात्र सावकाश, सरळ रस्त्यानं खाली गेला. चार महिने मी ज्याच्याशी एकटाच भांडत होतो ते असं पडद्यावर बघून मला रडू आलं. पोरीला वाटलं बेरियमची चव वाईट लागली.

नळी निघाल्यावर तिनं मला नव्यानं जेवायला शिकवलं. ताठ बसायचं. लहान घोट. हनुवटी छातीला लावून गिळायचं. मान मागं टाकून तर कधीच नाही. एकदा गिळलं की रिकामंच पुन्हा गिळायचं. जेवताना बोलायचं नाही. दोन वेळा दात घासायचे, कारण तोंडातली घाणच फुप्फुसात उतरते. आणि पाण्यात, चहात, सगळ्या पातळ गोष्टींत एक पावडर घालून ते घट्ट करायचं. "मधासारखं झालं पाहिजे," ती म्हणाली. मी म्हटलं, "काकवीसारखं म्हण, म्हणजे मला समजंल." माझं आवडतं दूध-भाकरी तिनं पहिल्या फटक्यात बंद केलं. आजारी माणसाला आपण प्रेमानं नेमकं तेच देतो: पातळ दूध एकीकडं पळतं, भाकरीचा तुकडा मागं राहतो.

घरी सोडल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला जायचं होतं. मुलीला शाळेतून सुट्टी मिळेना. मी म्हटलं एकटा जाईन. दौंड स्टेशनवर गेलो, तर पुण्याच्या डेमू गाडीपाशी भाई उभा, हातात दोन तिकिटं. मुलीनं फोन केला होता. "चल," तो म्हणाला. 'चला' नाही, 'चल'. मला जरा बरं वाटलं.

केडगाव गेल्यावर खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "भांडगावला म्या तुला बघितलं व्हतं. बाजारचाच वार व्हता. तुझ्या निर्जळीचा. तू भिताडाकडं त्वांड करून शिरा खात व्हतास. मागच्या मागं निघून आलो."

"येऊन इचारायचं व्हतंस."

"काय इचारू? आमच्याच घरात उपास का धरतोस म्हणून? हल्ली माणसं बदलत्यात, आप्पा. गल्लीतली दोन घरं बोलायची बंद झाली. म्हटलं तुझीबी पाळी आली आसंल. रातभर ही म्हणत व्हती, आसं न्हाई हुनार. म्याच म्हटलं, बाटली आणू, म्हंजी त्याला खोटं बोलाया लागायचं न्हाई."

ज्या घराला मी पन्नास वर्षं स्वतःचं म्हणत होतो, तिथं माझ्याबद्दल असं वाटू शकलं. म्हणालो, "पन्नास वर्षांत तुला माझं येवढंच कळलं व्हय?"

त्यानं आता माझ्याकडं बघितलं. "आन् तुला माझं? माझ्याम्होरं खोकायची लाज वाटली तुला. माझ्या बापाचं सगळं म्या ह्या हातानं काढलंय. तुझी लाळ पुसली नसती?"

दवाखान्यातून तो उठून का गेला होता ते मी विचारलं. म्हणाला, बाहेर झाडाखाली बसून राहिलो, आत यायचं त्वांड नव्हतं. म्हणजे त्या दोन दिवसांत तोही माझ्यासारखाच एकटा होता, भिंतीच्या पलीकडं. यवतला चहावाला चढला. भाईनं त्याला हातानं पुढं जा म्हणून सांगितलं. "तू घे," मी म्हटलं. "नगं," तो म्हणाला. आम्ही बोललो खरं, पण जे एकदा वाटून गेलं ते वाटलंच नव्हतं असं काही झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

घरी परतल्यावर दिवस लांब झाले. रोज तीन वेळा व्यायाम. आरशासमोर बसून जीभ दातांत धरायची आणि गिळायचं. उताणं पडून नुसतं डोकं उचलून पायाच्या अंगठ्यांकडं बघायचं, साठ आकडे. जेवायला एकटा माणूस पूर्वी दहा मिनिटं लावायचा, आता पाऊण तास लागायचा, आणि त्या पाऊण तासात समोर भिंत. बोलायचं नाही हा नियम पाळायला मला कसलाच त्रास झाला नाही. पेल्यात पावडर टाकून ढवळायची आणि दोन-तीन मिनिटं वाट बघायची, लगेच प्यायलं तर ते पातळच असतं. ती दोन-तीन मिनिटं मला सगळ्यांत जड जायची. बाजारच्या दिवशी दौंडला जायचो, पण जेवणाच्या आधी निघायचो. भाभी थांबा म्हणायच्या. मी म्हणायचो, उशीर होतो मला खायला, तुम्ही कशाला ताटकळता.

फेब्रुवारीत रमजान लागला. रमजानात एका दिवशी रोजा सोडायला मी त्यांच्याकडं असतो, हे वर्षानुवर्षांचं. या वर्षी भाईनं फोनवर फक्त वार सांगितला आणि ठेवून दिला. मी दिवस मावळायच्या आधी पोचलो. चटईवर दस्तरखानाची चादर, त्यावर खजूर, पपईच्या फोडी, भजी, गुलाबी सरबत. भाभींनी माझ्यासाठी वेगळा मऊ शिरा केला होता. आम्ही तिघंच. गप्पांत मी पावडरचा डबा पिशवीतून काढायचाच विसरलो. आणि अजान झाली.

मी घाईघाईनं डबा काढला, पेल्यात दोन चमचे टाकले आणि ढवळायला लागलो. भाभींनी बिस्मिल्ला म्हणून खजूर खाल्ला, पाणी प्यायल्या. भाईच्या बोटांत खजूर होता. तो तसाच धरून तो बसला होता. पहाटेपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"सोड की रोजा," मी म्हटलं. "ह्याला अजून दोन-तीन मिनटं लागत्यात."

"लागू दे."

"लवकर सोडायचा असतो, तूच सांगतोस दरसाल."

"अय," तो म्हणाला. "गपगुमान ढवळ."

लांबून दुसऱ्या मशिदीची अजान ऐकू येत होती. मी ढवळत होतो. तो माझ्याकडं बघत नव्हता, पेल्याकडं बघत होता, चमच्याला ओघळ कसा धरतोय तिकडं. बायको गेल्यापासून माझ्यासाठी ताटावर कुणी थांबलं नव्हतं, आणि हा माणूस दिवसभराची तहान घेऊन थांबला होता.

"झालं?"

"झालं."

"हनुवटी खाली घे," तो म्हणाला. मी घोट घेतला. तो नीट खाली उतरला, खोकला आला नाही, हे बघून मग त्यानं खजूर तोंडात घातला.